सही नको, प्रश्न मागा : मुलांचा विज्ञान प्रकल्प आणि बाहेरचा जाणकार



गणपती गेले, की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी सुरू होते. एक तापाच्या रुग्णांची आणि दुसरी फाईल घेऊन आलेल्या शाळकरी मुलांची. कुणाचं विज्ञान प्रदर्शन असतं, कुणाची राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद, कुणाचा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा कृतिसंशोधन प्रकल्प. मागणी ठरलेली. "सर, तज्ज्ञांचा अभिप्राय हवाय. दोन ओळी लिहा आणि सही-शिक्का द्या. उद्या फाईल जमा करायची आहे."

बरीच वर्षं मी अशा सह्या देत आलो. मुलांचं कौतुक वाटायचं, बाहेर रुग्ण ताटकळलेले असायचे, आणि दोन ओळी लिहायला काय जातं! आता मात्र मला वाटतं, की त्या सह्यांनी एकाही मुलाचं भलं झालं नाही. माझं मत तुम्हाला आधीच सांगून टाकतो. जीवशास्त्राच्या प्रकल्पाला शाळेबाहेरच्या जाणकाराची गरज असते, अगदी नक्की असते. पण ती शेवटी सही घ्यायला नव्हे, सुरुवातीला प्रश्न विचारून घ्यायला. तुमच्या घरात सहावी ते बारावीतलं मूल असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एका फाईलची गोष्ट

नववीतली तीन मुलं आली होती. प्रकल्पाचं नाव होतं 'डेंग्यूवर घरगुती उपाय : कडुनिंबाचे तेल'. एका बाटलीत डासांच्या अळ्या आणि पाणी, दुसऱ्या बाटलीत अळ्या, पाणी आणि कडुनिंबाच्या तेलाचे काही थेंब. दुसऱ्या बाटलीतल्या अळ्या मेल्या. निष्कर्ष : कडुनिंबाच्या तेलाने डेंग्यूचा डास नष्ट होतो. सुंदर अक्षर, रंगीत चित्रं, खाली माझ्या सहीसाठी सोडलेली जागा.

त्या दिवशी दवाखान्यात पाऊस पडल्यामुळे गर्दी नव्हती. म्हणून मी सहज विचारलं, "अळ्या कुठून आणल्या?"

"शाळेमागच्या गटारातून."

मला शंका आली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साधारणपणे घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. गटाराच्या घाण पाण्यात बहुतेक वेळा क्युलेक्स सापडतो. क्युलेक्समुळे हत्तीरोग पसरतो, डेंग्यू नाही. म्हणजे प्रकल्प डेंग्यूचा आणि डास दुसराच! पण खरं सांगतो, बाटलीतली अळी पाहून ती कोणाची हे मलाही छातीठोकपणे सांगता येईना. मी ताप तपासतो, अळ्या तपासत नाही. मी सही केली नाही. मुलांचे चेहरे पडले. त्यांच्या शिक्षकांना फोन करून थोडी मुदत मागितली आणि मुलांना हिवताप विभागातल्या एका कीटक समाहारकाकडे पाठवलं.

हे पद तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. घरोघरी फिरून पिंपं, टाक्या, हौद यांत टॉर्च मारून अळ्या शोधणं आणि डास गोळा करून ओळखणं हे या माणसाचं रोजचं काम. त्याने मुलांना पाच मिनिटांत शिकवलं ते असं. ॲनोफिलिसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबकळतात आणि शेपटाकडच्या नळीने हवा घेतात. क्युलेक्सची ती नळी लांब आणि बारीक, एडिसची आखूड आणि जाड. मुलांनी भिंगातून पाहिलं. त्यांच्या अळ्या क्युलेक्सच्या निघाल्या.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. "उरलेल्या अळ्यांचं काय केलंत?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक बाटली एकाच्या घरी माडीवर होती. झाकण नव्हतं. आठ दिवस झाले होते.

तुम्ही हसाल, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता, शिक्षकांना सुचला नव्हता आणि आईवडिलांनाही सुचला नव्हता. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. डासांवर प्रकल्प करता करता मुलं घरातच डास पैदा करत होती. अळ्या एडिसच्या असत्या आणि शेजारी डेंग्यूचा रुग्ण असता, तर? असा प्रकल्प करायचाच असेल तर भांड्याला बारीक जाळीचं किंवा मलमलीचं कापड घट्ट बांधायचं, आणि काम संपल्यावर उकळतं पाणी ओतून अळ्या आणि कोष दोन्ही मारायचे. ते पाणी तसंच गटारात सोडायचं नाही.

तेलाने मेल्या, की कडुनिंबाने?

खरी गंमत पुढे आहे. त्या माणसाने तिसरा प्रश्न विचारला. "कडुनिंबाच्या तेलाऐवजी खोबरेल टाकून बघितलंत का?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळा प्रकल्प त्यावर उभा आहे. अळी पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेते. कुठल्याही तेलाचा तवंग पृष्ठभागावर पसरला, की तिची नळी बंद होते आणि ती गुदमरते. पूर्वी डबक्यांत रॉकेल किंवा जळकं ऑईल टाकायचे ते याचसाठी. तेव्हा अळी कडुनिंबातल्या एखाद्या द्रव्याच्या विषाने मेली की नुसत्या तवंगाने गुदमरली, हे दोन बाटल्यांच्या प्रयोगातून कळूच शकत नाही. ते कळायला तिसरी बाटली हवी, साध्या तेलाची. विज्ञानात याला कंट्रोल म्हणतात, मराठीत तुलनेचा गट म्हणू. ज्या एका गोष्टीची परीक्षा करायची ती सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

अळ्यांवर औषधाची चाचणी कशी करावी याची जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली पद्धत आहे. प्रत्येक भांड्यात २५ अळ्या, सगळ्या जवळपास एकाच वाढीच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या. औषधाच्या प्रत्येक प्रमाणासाठी किमान चार भांडी. तेवढीच औषध न घातलेली. २४ तासांनी मोजणी. औषध न घातलेल्या भांड्यांतच २० टक्क्यांहून जास्त अळ्या मेल्या, तर तो प्रयोग रद्द करून पुन्हा करायचा. कारण मग अळ्या उन्हाने, उपासमारीने किंवा हाताळण्याने मरत असतील, औषधाने मरतात असं म्हणता येत नाही. हे सगळं नववीच्या मुलांना जमण्यासारखं आहे. महागडं काही लागत नाही. स्टीलचे पेले, ड्रॉपर, वही आणि चिकाटी पुरते.

मुलांनी प्रयोग पुन्हा केला. खोबरेलाच्या भांड्यांतही बऱ्याच अळ्या मेल्या. 'कडुनिंबाने डेंग्यूचा डास नष्ट होतो' हे शीर्षकातलं वाक्य खोडावं लागलं. त्याजागी त्यांनी लिहिलं : तेलाच्या तवंगाने क्युलेक्सच्या अळ्या मरतात, कडुनिंबाचा वेगळा परिणाम आहे की नाही हे आमच्या प्रयोगावरून सांगता येत नाही.

आता तुम्हीच सांगा, कुठलं वाक्य मोठं? पहिलं वाक्य प्रदर्शनात जास्त टाळ्या घेईल, हे मला मान्य आहे. पण दुसरं वाक्य खरं आहे, आणि ते लिहिणाऱ्या मुलांना ते का खरं आहे हे माहीत आहे.

चुकीच्या डासामागे गेलेली दोन वर्षं

नववीच्या मुलांनी डास ओळखला नाही यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ही चूक नोबेल मिळवणाऱ्या माणसानेही केली आहे.

डॉ. रोनाल्ड रॉस भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत होते. १८९४ साली लंडनमध्ये डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे परजीवी दाखवले आणि हा आजार डासांशी जोडलेला असावा, ही कल्पना त्यांच्या डोक्यात घातली. रॉस भारतात परतले आणि पुढची काही वर्षं दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रांची देवघेव झाली. रॉस सिकंदराबादच्या उकाड्यात डास चिरत बसलेले, आणि मॅन्सन लंडनहून शंका विचारताहेत, धीर देताहेत. बाहेरच्या सल्ल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण यातल्या दोन गोष्टी मुलांना आवर्जून सांगा. पहिली, रॉस यांच्याजवळ डास ओळखणारा कोणी नव्हता. ते डासांना रंगारूपावरून स्वतःच नावं द्यायचे. जवळजवळ दोन वर्षं ते ज्या डासांमध्ये परजीवी शोधत होते, त्या जातींमधून माणसाचा हिवताप पसरतच नाही. शेवटी पंखांवर ठिपके असलेले डास, म्हणजे ॲनोफिलिस, हाती लागले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांच्या जठराच्या भिंतीत परजीवी सापडला. तो दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळतात. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट, खुद्द मॅन्सन यांचाही एक अंदाज चुकला होता. त्यांना वाटे, की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो. रॉस यांनी ते तपासून पाहिलं, जमलं नाही, म्हणून पुढे गेले. तज्ज्ञ चुकू शकतो. त्याचा सल्ला हा तपासण्याचा मुद्दा असतो, देवाचा कौल नसतो. मूल तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून काही ऐकून आलं, तर "सर म्हणाले म्हणून" एवढ्यावर थांबू देऊ नका. "सर कशावरून म्हणाले?" हे विचारायला लावा.

कपाट उघडणारा माणूस

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर डॉ. सलीम अली यांचं घ्या. १९०८ साल. बारा वर्षांच्या आसपासच्या या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी नेहमीची नाही, मग कोणती? घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला. एवढ्यावर ते थांबले असते, तर मुलगा नाव घेऊन घरी गेला असता आणि गोष्ट संपली असती. मिलार्ड यांनी संग्रहातली कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, आणि पक्ष्यांची कातडी सोलून टिकवून कशी ठेवायची हे शिकवण्याची सोय केली.

पुढे सलीम अली जर्मनीत बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. परत आल्यावर नोकरी नव्हती, म्हणून अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि १९३० साली तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी रोज न्याहाळून त्यांच्या विणीचा अभ्यास केला. बर्लिनला शिकलेली शिस्त, पण पक्षी अंगणातला. चांगल्या सल्ल्याची ओळख ही आहे. तो तुम्हाला तुमच्या अंगणापासून दूर नेत नाही, अंगण नीट बघायला शिकवतो.

आपल्या शेजारी महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम असंच आहे. निरीक्षण ग्रामीण भागातलं. पण ते १९८२ आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अशा नियतकालिकात लेख घेण्याआधी बाहेरच्या जाणकारांकडून त्याची चिकित्सा होते. म्हणजे मोठ्यांच्या संशोधनातही बाहेरचा डोळा लागतोच. मग मुलांच्या का नको?

रत्नागिरीत तज्ज्ञ कुठे भेटणार?

"मुंबई-पुण्याच्या मुलांचं बरं असतं, सर. आमच्याकडे कोण आहे?" हे वाक्य मी पालकांकडून नेहमी ऐकतो. मला ते पटत नाही.

हिवताप कार्यालयातला कीटक समाहारक तुम्ही पाहिलाच. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांवर प्रकल्प करणार असाल, तर तिथे विचारा. पहिला प्रश्न येईल, प्रयोग झाल्यावर हे मासे कुठे सोडणार? गप्पी आपल्याकडचा नाही, बाहेरून आणलेला आहे. तो नदीत, ओढ्यात सोडला तर तिथल्या माशांचं काय होईल, हा स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. स्लाईड कशी बघायची हे त्याच्याइतकं रोज कोणी करत नाही.

आणि तज्ज्ञ म्हणजे पदवीच असते असं नाही. त्या तीन मुलांनी पुढच्या वर्षी वाडीतल्या भांड्यांचं सर्वेक्षण करायचं ठरवलं. कीटक समाहारकाने पद्धत सांगितली. पाणी असलेली सगळी भांडी मोजा, फक्त अळ्या सापडलेली नव्हे. समजा ४० घरं तपासली आणि ८ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक २०. पाणी साठलेली भांडी १२० आणि अळ्या असलेली १२, तर भांडी निर्देशांक १०. त्या १२ भांड्यांचं शंभर घरांमागे प्रमाण काढलं, की येतो ब्रेटो निर्देशांक, म्हणजे ३०. हे तीन आकडे काढता आले, की आपल्या वाडीची तुलना दुसऱ्या वाडीशी करता येते, आणि पुढच्या महिन्यातल्या आपल्याच वाडीशीही.

यादी करायला बसले. पिंप, हौद, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या. त्यातला एक मुलगा मच्छीमारांच्या घरातला. तो म्हणाला, "आणि होडीचे टायर?" धक्क्याला घासू नये म्हणून होडीच्या अंगाला टायर बांधतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि त्या टायरांत पावसाचं पाणी साठतं. हे ना मला सुचलं, ना सर्वेक्षणाच्या छापील तक्त्यात होतं. सल्ला देणाऱ्यालाही मुलाकडून शिकायला मिळतं, ते असं.

मदत कुठे संपते?

आता पालकांना जरा न आवडणारं बोलतो. काही प्रकल्प पाहिले, की मूल कुठे दिसतच नाही. ओळखीच्या प्रयोगशाळेतून अहवाल येतो, तक्ते काकांनी केलेले, इंग्रजी परिच्छेद आत्याने लिहिलेले. मूल फक्त पाठ करून बोलतं. हा सल्ला नव्हे. मुलाच्या हातातून काम काढून घेणं झालं.

माझी कसोटी सोपी आहे. फाईल बंद करा आणि मुलाला तीन गोष्टी विचारा. तुला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं? तुझं उत्तर चुकीचं असेल, तर ते कशावरून कळलं असतं? काय जमलं नाही? तिन्हींची उत्तरं स्वतःच्या शब्दांत आली, तर कोणाचीही कितीही मदत घेतली असली तरी प्रकल्प मुलाचा आहे. नाही आली, तर एकाही तज्ज्ञाला न भेटता केलेला प्रकल्पसुद्धा त्याचा नाही.

तज्ज्ञाने काय करू नये हेही ठरलेलं असावं. प्रश्न विचारावेत, धोका दाखवावा, पद्धत सुचवावी, वाचायला काय ते सांगावं. प्रयोग स्वतः करू नये, निष्कर्ष लिहून देऊ नये. मीही आता हा नियम पाळतो.

आधी विचारा, कारण यात धोका आहे

डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. पुढचे प्रकल्प मुलांनी घरी, कोणालाही न विचारता करू नयेत.

पहिला, जंतू वाढवण्याचे. मोबाईलवरचे, नोटांवरचे, हातांवरचे जंतू आगरच्या ताटलीत वाढवायचा प्रयोग लोकप्रिय आहे. दिसायला साधा, पण आपण काय वाढवतोय हे माहीत नसतं. एखादा जंतू लाखोंच्या संख्येने वाढलेली ताटली स्वयंपाकघरात उघडणं हे शहाणपण नाही. हे काम शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत, झाकण चिकटपट्टीने बंद करून आणि शेवटी ताटली नीट निर्जंतुक करून टाकण्याची सोय असेल तरच करावं.

दुसरा, माणसांवरचे. गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन मोजू, आजोबांची साखर तपासू, असं मुलांना वाटतं. हेतू चांगला. पण एकच सुई किंवा लॅन्सेट दोघांना वापरली गेली, तर कावीळ बी, कावीळ सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. मुलांनी कोणाचंही रक्त काढू नये. प्रश्नावली भरून घ्यायची असेल तरी समोरच्याला आधी कारण सांगावं, परवानगी घ्यावी, नाव लिहू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांना विचारावं. आणि मोजताना कोणाचं काही जास्त आढळलं, तर त्या माणसाला कुठे पाठवायचं हे आधी ठरलेलं हवं.

तिसरा, साप, विंचू आणि रानातले प्राणी. पकडू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून ठेवायला बंदी आहे. त्याऐवजी आपल्या गावात दंश कोणत्या महिन्यांत, कुठे, काय करताना जास्त होतात, हे आरोग्य केंद्राच्या परवानगीने, नावं न घेता नोंदवा. लोकांच्या कामाला येईल असा प्रकल्प तो आहे.

विचारायचं कसं?

पाहुणा आल्यासारखं अचानक जाऊ नका. मुलाला अर्ध्या पानाचं पत्र लिहू द्या, त्याच्या स्वतःच्या हाताने. त्यात चार गोष्टी असाव्यात. मी कोण आणि कितवीत. मला कोणता प्रश्न पडलाय. मी आतापर्यंत काय केलं, काय वाचलं. आणि मी अडलोय ते नेमकं कुठे. 'डासांबद्दल माहिती द्या' असं लिहिलं तर कामाचा माणूस काय उत्तर देणार? 'आम्हाला एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, वीस मिनिटं दाखवाल का?' असं लिहिलं, तर नाही म्हणणारा विरळा.

प्रयोग सुरू करायच्या आधी एकदा भेटा, थोडी आकडेवारी जमल्यावर एकदा आणि निष्कर्ष लिहिण्याआधी एकदा. प्रत्येक सल्ला वहीत तारखेसह लिहा. कोणता पाळला, कोणता नाही, आणि का नाही. शेवटी आभारात नुसतं नाव न लिहिता, त्या माणसामुळे काय बदललं ते लिहा. परीक्षकांनाही मी सांगेन, की फाईलमध्ये खोडलेला निष्कर्ष दिसला तर गुण कापू नका, वाढवा.

एक गोष्ट मला सलते. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक शहरातली, ज्यांच्या आईवडिलांना डॉक्टर, प्राध्यापक ओळखतात अशी. संगमेश्वरच्या किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतल्या शाळेतल्या मुलीने कोणाला विचारायचं? तिच्याकडे निरीक्षणं आमच्यापेक्षा जास्त असतात, पण दार ठोठावायचं धैर्य नसतं. म्हणून माझं माझ्या व्यवसायबंधूंना, प्राध्यापकांना आणि आरोग्य खात्यातल्या मित्रांना सांगणं आहे, की जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एक दुपार या मुलांसाठी ठेवा. शाळांना तसं कळवा. फोनवरून बोललात तरी चालेल. सही करायला लागतो तेवढाच वेळ एक चांगला प्रश्न विचारायलाही लागतो.

हे सगळं कशासाठी? ती तीन मुलं जीवशास्त्रज्ञ होतील असं काही नाही. एखादा होडीवर जाईल, एखादा दुकान चालवेल. पण ती कधी ना कधी रुग्ण होतील, रुग्णाचे नातेवाईक होतील. कोणीतरी मोबाईलवर पाठवेल, की अमुक पाल्याचा रस प्यायला आणि डेंग्यूत प्लेटलेट वाढल्या. डेंग्यूत ताप उतरल्यावर बहुतेकांच्या प्लेटलेट काही दिवसांत आपोआप वाढतात. तेव्हा रस न पिणाऱ्यांच्या किती वाढल्या, हे विचारणारा घरात एकजण हवा. खोबरेलाची तिसरी बाटली ज्याने स्वतःच्या हाताने ठेवली आहे, तो हे विचारेल.

यंदा तुमचं मूल प्रकल्प घेऊन बसलं असेल, तर फाईल रंगवायच्या आधी त्याला कोणाकडे तरी पाठवा. माझ्याकडे आलं तर दार उघडं आहे. फक्त सही मागायला पाठवू नका.